मॅक्रो चालला, पण काम झाले का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की सोलापुरातील संगणक वर्गांत एक्सेल शिकणाऱ्या मुलामुलींची गर्दी होते. त्यांतील बरीच मुले पुढे अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांत किंवा सूत व्यापाऱ्यांकडे हिशेबाला लागतात. मी अशाच एका टॉवेल कारखान्यात १४ वर्षे हिशेब पाहतो, आणि या वर्गांत राहून जाणाऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. मॅक्रोतून, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममधून, विंडोजची कमांड चालवायला तिथे शिकवतात. त्या कमांडने दिलेले उत्तर शीटमध्ये परत घ्यायला शिकवत नाहीत.

आमच्याकडे वर्ग पूर्ण करून आलेल्या एका मुलाने सूतसाठ्याची फाईल रोज संध्याकाळी दुसऱ्या संगणकावर कॉपी करणारा मॅक्रो कष्टाने लिहिला होता. बटण दाबले की काळी विंडो क्षणभर चमकायची आणि ‘बॅकअप पूर्ण’ असा संदेश यायचा. मार्चमध्ये हार्ड डिस्क बंद पडली, तेव्हा दुसरीकडची फाईल ११ दिवसांपूर्वीची निघाली. मधल्या काळात त्या संगणकाचे नाव बदलले गेले होते, आणि काळ्या विंडोत ‘द नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ ही ओळ रोज उमटून, कोणी वाचण्याआधीच विंडोसकट नाहीशी होत होती. सुताची आवक-जावक आम्ही चलने आणि गेट पास समोर ठेवून तीन रात्रींत पुन्हा भरली. त्या मुलाला मी दोष देत नाही. शिकवले तेवढे त्याने चोख केले होते.

व्हीबीए या मॅक्रो लिहिण्याच्या भाषेतील ‘शेल’ हे फंक्शन कमांड सुरू करून लगेच पुढे जाते आणि हाती देते तो फक्त सुरू झालेल्या प्रोग्रामचा क्रमांक. त्यामुळे ‘बॅकअप पूर्ण’ हा संदेश कॉपी संपण्याआधीही झळकू शकतो. त्याऐवजी ‘डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट शेल’ या ऑब्जेक्टची ‘रन’ मेथड वापरून तिसऱ्या जागी ‘ट्रू’ दिले, तर कमांड संपेपर्यंत मॅक्रो थांबतो आणि एक्झिट कोड, म्हणजे कमांडने संपताना दिलेला निकालाचा आकडा, मिळतो. कॉपीच्या कमांडचा हा कोड शून्य नसेल, तर काहीतरी बिघडले आहे. कमांडचे आउटपुट, म्हणजे काळ्या विंडोत उमटणारा मजकूर, टेक्स्ट फाईलमध्ये वळवावे. मात्र चुकांचे संदेश वेगळ्या वाटेने बाहेर पडतात, म्हणून तेही त्याच फाईलकडे वळवावे लागतात, आणि नेमके हेच विसरले जाते. त्याच ऑब्जेक्टच्या ‘एक्झेक’ मेथडने आउटपुट थेट वाचता येते हे खरे, पण तिच्यात काळी विंडो लपवण्याची सोय नाही. शिवाय चुकांचे संदेश न वाचता साचत गेले, तर मॅक्रो आणि कमांड एकमेकांची वाट पाहत अडकून पडतात. रोजच्या कामाला मला टेक्स्ट फाईलच भरवशाची वाटते. फाईलींची नावे मराठीत असतील, तर आधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही काळ्या विंडोची अक्षरपद्धत यूटीएफ-८ करणारी कमांड देऊन ती टेक्स्ट फाईल यूटीएफ-८ म्हणून वाचावी, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

हे शिकवायला एक-दोन तासिका पुरतात. वर्गचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, मॅक्रो लिहून झाल्यावर विद्यार्थ्याला नेटवर्कची वायर काढून तो चालवायला लावावा, आणि खरी चूक तारीख-वेळेसह शीटच्या सेलमध्ये उमटल्याशिवाय त्या धड्यावर सही करू नये.

आपला,
एक हिशेबनीस, सोलापूर