पाठ फिरवून वाजवणारे बँड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत वर्ल्ड पाइप बँड चॅम्पियनशिपवर, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम वाजवणाऱ्या बँडच्या जागतिक स्पर्धेवर, लेख आला, बरं वाटलं कारण या विषयावर मराठीत कोणी फारसं लिहीत नाही, पण एक वाक्य खटकलं म्हणून हे पत्र. लेखक म्हणतात बँडवाले लोकांकडे पाठ करून वाजवतात तो लष्करी तोरा आहे. तोरा कसला हो! मी स्कॉटलंडमधे ग्लासगोत राहते, ऑगस्टमधे स्पर्धेच्या शनिवारी ग्लासगो ग्रीन मैदानावर जातेच, आणि पहिल्या वर्षी मलाही रागच आला होता, एवढं तिकीट काढून यांच्या पाठी आणि किल्ट बघायचे?

मग हळूहळू कळलं. बॅगपाइपला आवाज कमीजास्त करता येत नाही आणि एकदा सुरू झालं की मधे थांबताही येत नाही, चँटरवर, म्हणजे बोटांनी वाजवायच्या नळीवर, सूर फक्त नऊ, आणि थांबता येत नाही म्हणून तोच सूर दोनदा वाजवायचा तरी मधे बारीकशी ग्रेस नोट, म्हणजे निमिषभराचा दुसरा सूर, टाकावी लागते, नाहीतर दोन्ही एकच वाटतात. आता वीसेक पायपरांच्या बोटांतून ती ग्रेस नोट एकाच क्षणी पडायला हवी, एकाची जरी मागे राहिली तरी ऐकू येतं. म्हणून सगळे गोल करून आत तोंड करतात, नजर पाइप मेजरच्या, म्हणजे बँडच्या प्रमुखाच्या, बोटांवर. सूर जुळलेत का तेही गोलातच नीट कळतं, दमट हवेत रीड, म्हणजे नळीतली आवाज देणारी पातळ पट्टी, लगेच बिघडते आणि तिथे हवा दमट नसते असा दिवस मी तरी पाहिलेला नाही.

आणि बँड वाजवतो तो जजसाठी, हे लेखात आलंच नाही. चार जज असतात, दोन पायपिंगचे, एक ड्रमिंगचा आणि एक एन्सेंबलचा म्हणजे सगळं मिळून कसं वाटतं ते बघणारा. पायपिंग-ड्रमिंगचे जज गोलाभोवती फिरत कान देऊन लिहीत असतात. दोन बँडचे गुण सारखे झाले तर एन्सेंबलवाल्याचा कौल धरतात. गंमत म्हणजे हा जज बराचसा लांब उभा राहून ऐकतो, म्हणजे आपल्यासारखाच!

इथेच माझं म्हणणं आहे. ग्रेड वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाला, दोन प्रकार वाजवावे लागतात. एक एमएसआर, म्हणजे मार्च आणि स्ट्रॅथस्पे, रील या दोन स्कॉटिश नाचाच्या चाली, ती सरळ कसोटी आहे, तिथे गोल राहू दे. पण दुसरा प्रकार, पाच ते सात मिनिटांची मेडली, म्हणजे वेगवेगळ्या चालींची माळ, ही बँडने स्वतः रचलेली असते, त्यात संथ चाल, हार्मनी, टेनर ड्रमवाल्यांच्या काठ्यांचे फिरणारे झुपके, हे सगळं कुणासाठी आहे मग? हेच बँड कॉन्सर्टला स्टेजवर अर्धगोलात लोकांकडे तोंड करून वाजवतात आणि छान वाजवतात. तेव्हा पाइप मेजर दिसत नाही अशी तक्रार मी तरी ऐकली नाही. जुने जाणकार म्हणतात मोकळ्या मैदानात आवाज उडून जातो, गोल तो धरून ठेवतो, त्यात तथ्य आहे, मान्य. पण निदान मेडलीला ज्या बँडला गोल उघडायचाय त्याला उघडू द्या आणि ती जोखीम त्याची, चुकला तर जज गुण कापतीलच.

लेखकांनी पुढच्या वेळी स्टँडमधे न बसता मागच्या झाडांकडे जावं, तिथे बँड मैदानात उतरण्याआधी ट्यूनिंग करत असतात. पाइप मेजर एकेकाजवळ जाऊन चँटरच्या भोकावर चिकटपट्टी केसभर सरकवतो, ड्रोन, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या, वरखाली करतो, कोणी बोलत नाही. त्यातून एकदम एकच सूर उभा राहतो ना, तो मला तरी स्पर्धेपेक्षा जास्त आवडतो. आणि तिथे अगदी जवळ उभं राहता येतं.

आपली,
एक वाचक, ग्लासगो

ता.क. फोटोखाली लिहिलंय की खांद्यावरच्या तीन नळ्या फुंकतात. त्या फुंकत नाहीत, ते ड्रोन, दोन टेनर आणि एक बास. फुंकायची नळी वेगळी असते, तोंडात आहे ती.