वणव्याच्या बातमीमागच्या हातांना

साताऱ्याचे डोंगर फेब्रुवारी ते मे पेटत राहतात. त्या बातमीसाठी राबणाऱ्या स्थानिक वाहिन्यांच्या कॅमेरामन, ड्रायव्हर आणि डेस्कवरच्या मंडळींचे मनापासून आभार.

तुम्ही ‘साताऱ्यात वणवा’ एवढ्यावर थांबत नाही. यवतेश्वरचा उतार की अजिंक्यताऱ्याची पाठ, वारा कुठून कुठे, खबर किती वाजताची, सगळं सांगता. आग चढाला झपाट्याने धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून कोरडंठाक करतात. वरच्या वाडीला थोडं आधी कळणं म्हणूनच लाखमोलाचं. घाटात गाडी टँकरला वाट सोडून, तोंड उताराकडे करून लावता. ओल्या फांद्यांनी आग झोडपणाऱ्यांच्या वरच्या अंगाला ट्रायपॉड रोवत नाही. जळून काळ्या झालेल्या पट्ट्यातूनच शूट करता. जुनी दृश्यं फिरवत नाही, हे तर फारच मोठं. त्यामुळे माणसं भलत्याच डोंगराकडे धावत नाहीत.

आग विझल्यावरही तुम्ही धुमसणारा ओंडका, आतून लाल असलेलं वाळलं शेण जवळून दाखवता. दुपारी वारा सुटला की ठिणगी तिथूनच उडते. आणि खालच्या पट्टीवर वन विभागाचा १९२६ हा नंबर अखंड ठेवता, त्याबद्दल विशेष ऋणी आहोत.