‘आज रात्री 9.30’ची धमकी

महोदय,

नवतपा सुरू असताना नागपुरात रात्री कुलर बंद पडणं म्हणजे काय, हे तुमच्या वाचकांना सांगायला नको. नेमक्या याच धास्तीवर भामट्यांनी दुकान थाटलं आहे.

आमच्या शेजारच्या काकू एकट्या राहतात. गेल्या उन्हाळ्यात ऐन दिवेलागणीला त्यांना मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री 9.30 वाजता वीज कापली जाईल, खालच्या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. बिल भरल्याची पावती हातात असूनही काकूंनी घाबरून फोन लावला. पलीकडचा माणूस मोठा अदबशीर, दर वाक्याला ‘माताजी’. भरणा झाल्याचं त्यानं लगेच मान्य केलं! फक्त ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’, म्हणून एक अ‍ॅप टाका आणि दहा रुपये भरा. दहा रुपयांसाठी कोण कशाला फसवेल, असंच कुणालाही वाटेल, आणि खरी मेख तिथेच आहे. एनीडेस्क, क्विकसपोर्टसारखं अ‍ॅप टाकून त्याचा कोड सांगितला की आपल्या फोनचा स्क्रीन त्याच्यासमोर उघडा. मग ते दहा रुपये भरताना आपण भरलेली माहिती, आलेला ओटीपी, सगळं तो बसल्या जागी वाचतो. हल्ली तर बिलाच्या नावाखाली थेट एपीके फाइलच, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइलच धाडतात.

काकू वाचल्या, कारण फोनमध्ये अ‍ॅपला जागाच नव्हती. नातवाचे व्हिडिओ असे कामी आले.

वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची, तर आधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे ‘आज रात्री’ या दोन शब्दांतच चोरी पकडली जाते. इतकी वर्षं बिलं भरतो आहे, पण मलाही हे ठाऊक नव्हतं. शिवाय महावितरणचे मेसेज ‘एमएसईडीसीएल’ या अक्षरी नावानं येतात, कुणाच्या दहा आकडी मोबाइलवरून नाही. शंका आली तर 1912 वर विचारावं. पैसे गेलेच, तर लाजत न बसता ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर लावावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाऊ शकते.

माझी सूचना एवढीच, की महावितरणनं ही 15 दिवसांच्या नोटिशीची ओळ बिलाच्या दर्शनी बाजूला, देय रकमेइतक्याच ठळक अक्षरांत छापावी. तोवर काकूंच्या फ्रिजवर माझ्या हातचा कागद चिकटवलेला आहे.

— एक ज्येष्ठ वाचक, नागपूर