शॉक मशीन कोणत्या जातीची, ते तिच्यावरच मराठीत लिहून ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या मशिनी दुरुस्त करतो, त्यामुळे हृदय ठोके सोडून नुसतं थरथरायला लागल्यावर छातीला शॉक देतात ती मशीन रोजच्या पाहण्यातली. आजकाल निधीतून नवीन मशीन मागताना सगळे "बायफेजिकच पाहिजे" म्हणतात, आणि बरोबरच आहे ते. जुन्या मोनोफेजिकमधे करंट छातीतून एकाच दिशेनं जातो, बायफेजिकमधे आधी इकडून तिकडे आणि लगेच उलटा फिरतो, हे सगळं सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात. त्यामुळे कमी ज्यूलमधे (ज्यूल म्हणजे शॉकच्या ताकदीचं माप) काम होते आणि मशीनही हलकी राहते.

युरोपात झालेल्या, २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात १५० ज्यूलच्या बायफेजिकनं पहिल्याच शॉकमधे ९६ टक्के पेशंटची हृदयाची थरथर थांबवली, मोनोफेजिकनं ५९ टक्के. फरक मोठाच आहे, पण दवाखान्यातून जिवंत घरी जाणाऱ्यांच्या आकड्यात तसा फरक दिसला नाही. पुढं २०१६ मधे कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) असे चार अभ्यास, मिळून ५५२ पेशंट, एकत्र तपासले तरी बायफेजिकनं जास्त जीव वाचतात असं ठामपणे सांगता आलं नाही. म्हणून नवीन येईपर्यंत चालू असलेली जुनी मशीन भंगारात काढू नका हो.

आता माझी खरी काळजी सांगतो. एकाच दवाखान्यात दोन्ही जातीच्या मशिनी असतात, आणि डोस वेगळा! मोठ्या माणसाला मोनोफेजिकवर ३६० ज्यूल, बायफेजिकवर कंपनी सांगते तेवढा, बहुतेक १२० ते २००, आणि माहीतच नसेल तर त्या मशीनचा सगळ्यात जास्त. रात्रपाळीची सिस्टर नवीन बदलून आलेली, तिनं सवयीनं जुन्या मशीनवर १५० लावला तर तो शॉक कमी पडू शकते, आणि त्या घाईत मॅन्युअल कोण शोधत बसणार? एका ठिकाणी मी कव्हर काढलं तर जेलीची ट्यूब वाळून कडक झालेली, बॅटरी एक शॉकही धरत नव्हती, पॅडलवर, म्हणजे छातीला टेकवायच्या मुठींवर, ज्यूलचं काहीच लिहिलेलं नाही, इंग्रजी स्टिकर होतं तेही अर्धं खरवडलेलं. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईन कशी जाते ते सांगायला नको, तेव्हा बॅटरीच कामी येते.

म्हणून प्रत्येक मशीनवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा: कोणत्या जातीची, मोठ्या माणसाला पहिला शॉक किती, बॅटरी कधी बदलली. खर्च जवळपास काहीच नाही. आणि स्क्रीनवर सरळ रेघ असली, म्हणजे हृदयाची थरथरही नसली, तर शॉकचा उपयोग नसतो, छातीच दाबत राहावं लागते, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटीमीटर खोल, हेही तिथंच लिहा. छाती दाबणं सुरू नसलं तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, अन आमच्या खेड्यातून तालुक्याला यायला रस्ता केवढा लागते! १०८ ची गाडी येईपर्यंत घरच्यानंच दाबायचं आहे, तर ग्रामसभेत आशाताईंसोबत गावातल्या पोट्ट्यांनाही ते शिकवा.

आपल्या तालुका वार्ताहरांना एवढी विनंती की नवीन मशीनच्या उद्घाटनाचा फोटो काढायला जाल तेव्हा जुनीची बॅटरी चालू आहे का ते पण विचारा आणि उत्तर छापा.

एक वाचक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ