न्यूटनची मूस आणि २०६० साल

महोदय,

न्यूटनने २०६० साली जगबुडीचं भाकीत केलं आणि तो आयुष्यभर सोनं बनवण्यामागे लागला होता, ही दोन वाक्यं इतक्या वेळा छापून आली आहेत की ती तपासून पाहावीत असं कुणाला वाटत नाही. त्याची हस्तलिखितं पाहिली तर चित्र वेगळं दिसतं.

आधी भट्टी. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या खोल्यांलगतच्या बागेत त्याची प्रयोगशाळा होती. लेखनिक हम्फ्री न्यूटनने लिहून ठेवलंय की वसंतात आणि पानगळीत सहा-सहा आठवडे तिथला विस्तव क्वचितच विझे. 'किमया' म्हटलं की मंत्रतंत्र आठवतात, म्हणून त्यातली एक कृती नीट सांगतो. तेव्हाचे किमयागार 'अँटिमनी' म्हणत ते स्टिबनाइट, म्हणजे अँटिमनीचं सल्फाइड, आपला जुना सुरमा. हा शब्द आजच्या अर्थाने घेतला की पुढचं सगळं चुकतं. लोखंडाचे खिळे मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, लाल करायचे आणि त्यांवर दुपटीच्या आसपास वजनाचा स्टिबनाइट टाकायचा (आजच्या समीकरणाने १०० ग्रॅम स्टिबनाइटला सुमारे ४९ ग्रॅम लोखंड). लोखंड गंधक ओढून घेतं, सुटलेला अँटिमनी धातू तळाशी बसतो, वर मळी तरंगते. मग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), चिमटी-चिमटीने. एकदम टाकला तर मूस उसळते. सोऱ्याने मळी पातळ होते. खालचा धातू गोठेपर्यंत ती द्रव राहिली, तरच धातूच्या पृष्ठभागावर ताऱ्यासारखे स्फटिक उमटतात. मूस हलली, मळी आधी आळली किंवा लोखंड जास्त झालं, तर तारा येत नाही.

याच धातूत तांबं वितळवलं की जांभळट मिश्रधातू मिळतो आणि त्यावर जाळी दिसते. किमयागारांच्या भाषेत मंगळ म्हणजे लोखंड, शुक्र म्हणजे तांबं. रोमन पुराणात मार्स आणि व्हीनसला अग्निदेव व्हल्कन बारीक जाळ्यात पकडतो. न्यूटनने ही कथा कृती म्हणून वाचली आणि या मिश्रधातूला 'जाळं' म्हटलं. धातूंचं रूपांतर होऊ शकतं यावर त्याचा विश्वास होता, ते लपवायचं कारण नाही. पण 'ऑप्टिक्स' या त्याच्या प्रकाशावरच्या ग्रंथाच्या शेवटच्या, ३१व्या प्रश्नात हेच भट्टीचं ज्ञान येतं: चांदीच्या द्रावणात तांबं टाकलं तर चांदी सुटते, तांब्याच्या द्रावणात लोखंड टाकलं तर तांबं सुटतं. पदार्थांच्या कणांमध्ये कमीअधिक आकर्षण असतं, या विचाराला त्याने हाच आधार दिला.

बायबलही त्याने याच सवयीने वाचलं, प्रत्येक चिन्हाला एक ठरलेला अर्थ देऊन. दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतले साडेतीन 'काळ' म्हणजे साडेतीन वर्षं. ३६० दिवसांच्या वर्षाने १२६० दिवस. एक दिवस म्हणजे एक वर्ष. आरंभ ८०० साली, फ्रँकांचा राजा शार्लमेनचा रोममध्ये सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला तेव्हा, कारण पोपच्या ऐहिक सत्तेचा उत्कर्ष तो तिथून धरतो. ८०० अधिक १२६०, झाले २०६०. पण त्याच्या मते तेव्हा संपणार होता तो भ्रष्ट चर्चचा काळ. पुढे ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य यायचं होतं. त्याच कागदावर तो लिहितो की अंत याहून उशिराही होईल, पण लवकर होण्याचं कारण दिसत नाही. आणि हे लिहिण्याचा हेतू तारखा सांगत सुटणाऱ्यांना आवर घालण्याचा आहे. ताऱ्याची खातरजमा मूस करत होती. इथे मूस नव्हती, आणि म्हणून तो फक्त अलीकडची मर्यादा आखून थांबला, असं मला वाटतं.

हे सारं दडून राहिलं त्यालाही कारण होतं. तो त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत, मानत नव्हता. प्राध्यापकपदासाठी धर्मदीक्षा घ्यायला लागू नये, अशी राजाची सवलत १६७५ साली मिळाली म्हणून निभावलं. त्याच्या जागी आलेल्या व्हिस्टनला तेच मत उघड मांडल्यामुळे १७१० साली केंब्रिज सोडावं लागलं. कागद घराण्याकडे राहिले आणि १९३६ साली सदबीजच्या लिलावात फुटले. किमयेचे बरेचसे अर्थतज्ज्ञ केन्सने मिळवून किंग्ज कॉलेजला दिले; धर्मविषयक बरेचसे अब्राहम याहुदांनी घेतले, ते आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. २०६०चा कागद त्यांतलाच.

एवढीच विनंती, की २०६० हा आकडा पुन्हा छापाल तेव्हा त्या कागदावरचं 'उशिराही होईल' हे वाक्यही सोबत छापावं.

— रसायनशास्त्राचा एक अध्यापक, सातारा