उतरायला शिकवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही शिकवलेल्या सगळ्या चेकबद्दल आभार मानायला बसले तर पत्र संपायचं नाही, म्हणून एकाच क्रियापदापुरतं लिहिते. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे. प्रागला नोकरी-शिक्षणासाठी येणारी आपली मुलं इंग्रजीचा हात धरूनच चेक शिकायला लागतात आणि 'अलाइट'सारख्या शब्दापाशी येऊन अडतात.

इंग्रजीत 'अलाइट' म्हणजे गाडीतून उतरणं, घोड्यावरून उतरणं, पाखरानं फांदीवर येऊन बसणं, आणि एखाद्या कल्पनेवर अवचित नजर जाणंसुद्धा. कोश उघडला की त्याच्यापुढे चेक शब्दांची रांग दिसते: विस्तौपित, सेसेदनौत, दोसेदनौत, स्नेस्त से. आपल्याला मराठीत एकट्या 'उतरणे'ची सवय. रेल्वेतून उतरा, झाडावरून उतरा, विमान उतरू दे, ताप उतरू दे, क्रियापद तेच. मग या रांगेतलं कुठलं उचलायचं?

तुम्ही कोश बाजूला ठेवायला लावलात आणि म्हणालात, आधी मराठीतच नीट बघ. आपण गाडी'तून' उतरतो, पण घोड्या'वरून'. आतून की वरून, हा भेद आपण नामाच्या शेवटी दाखवतो. चेक माणूस तो क्रियापदाच्या तोंडाशी दाखवतो. 'वि' लागलं की बाहेर, 'से' किंवा नुसता 'स' लागला की वरून खाली. नामामागे मात्र दोन्हीकडे एकच 'झ' हे अव्यय आणि त्यांची दुसरी विभक्ती. पूर्वी 'वरून'साठी वेगळं 'स' होतं, जुन्या पुस्तकांत ते अजून भेटतं. घोड्याच्या बाबतीत तर दोन्हींचा उच्चार सारखाच होतो, 'स कोन्ये', त्यामुळे कानाला फरक कळतही नाही. सगळा भार क्रियापदावर.

दुसरा प्रश्न तुम्ही शिकवलात तो मला कुठल्याच पुस्तकात इतका सरळ सापडला नव्हता: शरीर काय करतंय? पाऊल टाकून बाहेर पडायचं तर 'स्तौपित', म्हणून ट्राम, बस, मेट्रो, रेल्वे या सगळ्यांना विस्तौपित. बसलेला माणूस खोगिरावरून उतरतो तेव्हा धातू बसण्याचा, सेसेदनौत. झाडावरून किंवा शिडीवरून हातापायांनी उतरायचं तर स्लेस्त. सायकलवरूनही लोक बोलताना हेच म्हणतात. जिना चालत उतरायचा तर सेयीत. पाखरू फांदीवर किंवा विमानाची चाकं धावपट्टीवर टेकली की दोसेदनौत, कारण 'दो' म्हणजे ठिकाणापर्यंत पोचणं. पुढे ठोकळे आपोआप जुळत गेले. स्तौपितला 'ना' लावलं की गाडीत चढणं, 'प्रशे' लावलं की गाडी बदलणं.

एका गोष्टीबद्दल तर विशेष आभार. विस्तौपितचा अर्थ उतरणं आणि चढणंही! ट्राममधून विस्तौपित म्हणजे उतरणं; पण कर्कोनोशे पर्वतातल्या स्न्येझ्कावर, १,६०३ मीटर उंचीच्या त्यांच्या सर्वोच्च शिखरावर, विस्तौपित म्हणजे वर चढून जाणं. 'वि' बाहेरही नेतं आणि वरही. संघटना सोडणं आणि रंगमंचावर कला सादर करणं यांनाही हेच क्रियापद. हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं असतंत तर माझा गोंधळ उडाला असता. आधी ट्राम पक्की होऊ दिलीत, मग डोंगर दाखवलात. शिकवणाऱ्याला हा क्रम कळणं फार मोलाचं, असं मला मनापासून वाटतं.

मेट्रोत दारं बंद होण्याआधी घोषणा होते: 'उकोन्चेते प्रोसीम वीस्तुप आ नास्तुप', म्हणजे उतरणं आणि चढणं आटोपतं घ्या. प्रागची मेट्रो १९७४ साली सुरू झाली, तीन मार्ग आहेत, आणि मुझेउम, मूस्तेक, फ्लोरेंत्स या तिन्ही ठिकाणी प्रशेस्तुप, म्हणजे मार्ग बदलण्याची सोय. तुम्ही सुचवल्याप्रमाणे मी या घोषणा धड्यासारख्या ऐकल्या. त्यांत नामं असतात आणि 'वीस्तुप', 'नास्तुप' यांत पहिला स्वर लांबतो, हेही तुम्हीच कानाला लावून दिलंत.

गर्दीच्या ट्राममध्ये मागचा माणूस हळूच विचारतो, 'विस्तुपुयेते?' मुंबईच्या लोकलमधलं आपलं 'उतरणार का?' अगदी तेच. इथे क्रियापदाचं दुसरं रूप येतं, चालू क्रियेचं. 'विस्तुपुयु' म्हणजे मी उतरतेय, 'विस्तौपीम' म्हणजे मी उतरेन. वर्तमानाचे प्रत्यय लागूनही पूर्ण क्रियेचं रूप भविष्य सांगतं, हे मराठी कानाला चमत्कारिक वाटतं. तुम्ही त्याची व्याख्या पाठ करून घेतली नाहीत. मधल्या स्टॉपांवर मला एक रूप बोलायला लावलंत, दारापाशी उभं राहिल्यावर दुसरं. त्यामुळे आता उत्तर देताना मला थांबावं लागत नाही.

या सगळ्याचा एक पैसा तुम्ही घेतला नाहीत. स्वतःचं घर, नोकरी, नातवंडं सांभाळून शनिवारची दुपार मला दिलीत, वर पोळी-भाजी खाऊ घातलीत. तुमच्या वहीतल्या या पानांची प्रत तुमच्या परवानगीने नव्याने आलेल्या दोन मुलींना दिली आहे. ताप उतरणं आणि नातेवाइकांकडे उतरणं एवढं अजून राहिलंय. त्या दोघींना घेऊन येत्या शनिवारी येते.

तुमची,
एक विद्यार्थिनी