इटलीला निघण्यापूर्वी

पुणे,
गुरुवार

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तू आणि वहिनी ऑक्टोबरात इटलीला निघणार आहात हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेला कार्यक्रमही मी नीट पाहिला. आठ दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि मिलान, म्हणजे रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रात्री पुन्हा उघडायच्या. माझी पहिली सहल अशीच झाली होती, आणि परतल्यावर आठवणीत राहिल्या त्या फक्त रांगा. म्हणून मनापासून सुचवतो की पिसा आणि मिलान या वेळी सोडून दे. रोम पाहा, व्हेनिसला एक रात्र राहा, आणि उरलेले दिवस मी खाली लिहितो त्या ठिकाणांना दे. तिथे गर्दी कमी आहे हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की त्यांतल्या काही जागांशी आपले नाते आहे आणि कोल्हापूरच्या माणसाने ती न पाहता परत यावे हे मला पटत नाही.

फ्लॉरेन्समध्ये सगळे लोक जुन्या पुलाजवळ आणि कॅथेड्रलभोवती फिरतात. तू मात्र एक सकाळ कास्चिने बागेसाठी ठेव. ही बाग आर्नो नदीच्या काठाने सुमारे साडेतीन किलोमीटर लांब पसरली आहे. ट्रामने तिच्या शहराकडच्या टोकाशी उतरायचे आणि झाडांखालून थेट पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत जायचे. तिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. त्या संगमावर आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचे स्मारक आहे. आपण ज्या राजाराम कॉलेजात शिकलो, ते याच महाराजांच्या नावाचे. इंग्लंडचा दौरा आटोपून मायदेशी परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. त्या काळी त्या शहरात दहनाची पद्धत नव्हती, तरी नगरपालिकेने परवानगी दिली आणि दोन प्रवाहांच्या संगमावर आपल्या रिवाजाप्रमाणे अंत्यसंस्कार झाले. पुढे १८७४ मध्ये तिथे फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. त्यावरची छत्री मेजर मँट यांच्या आराखड्याची आहे; कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा ज्यांचा तेच हे मँट.

पुतळा रंगवलेला आहे. डोक्याला पागोटे, गळ्यात मोत्यांच्या माळा आणि चेहरा इतका कोवळा की आपल्या घरातला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा समोर बसला आहे असे वाटते. मी गेलो तेव्हा आसपास सायकल चालवणारी दोन मुले सोडली तर कोणी नव्हते. मागे आर्नोचे मातकट पाणी संथ वाहत होते आणि मला प्रयाग चिखलीचा संगम आठवला. जवळच्या मोठ्या पुलाला तिथले लोक ‘इंदियानो’चा पूल म्हणतात. तो इंदियानो म्हणजे आपले महाराज, हे तिथे उभे राहून वहिनींना जरूर सांग.

फ्लॉरेन्सहून पुढे उंब्रिया प्रांतात मॉन्तोने नावाचे टेकडीवरचे गाव गाठ. पेरुजाच्या उत्तरेला टायबरच्या खोऱ्यात हे गाव आहे. तटबंदी, दगडी गल्ल्या आणि कुठेही उभे राहिले तरी दिसणारे डोंगर, एवढेच त्याचे वैभव. याच खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले. तुकडीतील सगळे साथीदार मारले गेले किंवा जखमी झाले, तरी ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, ग्रेनेडने ती गन बंद पाडली, आणि मॅगझिन बदलायला वेळ मिळेना तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. रायगड जिल्ह्यातील माणगावात त्यांचा पुतळा आपण कोकणात जाताना पाहिला आहे. त्यांचा देह मात्र सापडला नाही; इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. मॉन्तोनेच्या गावकऱ्यांच्या साथीने २०२३ मध्ये तिथे त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभे राहिले. एका परक्या गावाने कोकणातल्या बावीस वर्षांच्या पोराची आठवण अशी जपावी, हे मी कधी विसरणार नाही.

तिथे जाण्यासाठी पेरुजाहून गाडी भाड्याने घेणे सोयीचे पडते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून ने. जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी बंदी असते आणि कॅमेरे थेट दंड लावतात, तेव्हा गाडी तटाबाहेरच उभी करावी.

यानंतर राव्हेन्ना. व्हेनिसला जाताना वाटेवर दोन रात्री इथे काढ, हवे तर व्हेनिसमधली वेळ कमी कर. रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाच्या नावाने ओळखली जाणारी पाचव्या शतकातील समाधी बाहेरून विटांची एक साधी खोलीच वाटते. आत शिरल्यावर क्षणभर काही दिसत नाही. मग अलाबास्टरच्या पातळ फरश्यांतून मधासारखा उजेड झिरपतो आणि डोक्यावरचे गडद निळे छत सोनेरी ताऱ्यांनी भरलेले आहे हे हळूहळू उमगते. हे छत काचेच्या बारीक तुकड्यांच्या जडावाचे, म्हणजे मोझेइकचे आहे; ते तुकडे मुद्दाम किंचित तिरपे बसवलेले असल्यामुळे आपण मान वळवली की तारे लुकलुकतात. आत काही मिनिटेच थांबू देतात आणि वेळ आधी नोंदवावी लागते. शेजारीच इ. स. ५४७ मध्ये अर्पण केलेले सान व्हिताले चर्च आहे. तिथे पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या परिवारासह भिंतीवरच्या तशाच मोझेइकमधून आपल्याकडे पाहत असतात.

दान्तेची समाधीही याच गावात आहे. फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केले आणि १३२१ मध्ये तो राव्हेन्नात वारला. त्याच्या अस्थी फ्लॉरेन्सने पुन्हा पुन्हा मागितल्या, पण राव्हेन्नाने दिल्या नाहीत; आता समाधीवरच्या दिव्याचे तेल दरवर्षी फ्लॉरेन्सहून येते. आपला राजा त्यांच्या गावी आणि त्यांचा कवी दुसऱ्याच्या गावी, हे तिथे माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

राव्हेन्नाहून लुगोकडे जाणाऱ्या गाडीत बान्याकावाल्लो स्टेशन गेले की खिडकीशी बस. उंच बांधांमधून वाहणारी सेनियो ही लहानशी नदी लागेल. याच नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप बाहेर काढले, मग एकट्याने तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते घरी परतू शकले. जे परतले नाहीत त्यांच्यापैकी अनेकांसाठी फोर्लीला भारतीय सैनिकांची स्मशानभूमी आहे आणि ज्यांचे दहन झाले त्यांचे स्मारकही तिथेच आहे. अर्धा दिवस काढता आला तर तेथेही जाऊन ये.

विमानाची तिकिटे पक्की होण्याआधी मला फोन कर. गाड्यांच्या वेळा आणि मी राहिलो त्या खोल्यांचे पत्ते पाठवतो. कास्चिनेला जाशील तेव्हा महाराजांना माझ्या वतीने दोन फुले वाहा.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर